दाखवून नव्हे, सांगून

पाळणाघराच्या बाईंनी एका हाताची पाचही बोटं वर केली आणि एकेक मिटत शब्द सांगितले. "ये, दे, थांब, नको, बस. एवढे पाच कळले की झालं. पण दाखवून नव्हे हं, सांगून. रांगत्या गटात माझ्याकडे अकरा मुलं आणि दोन मावश्या. प्रत्येकापुढे जाऊन हातवारे करायला मावश्यांना काय दहा हात आहेत?"

समोरच्या खुर्चीत दशांशराव होते, शेजारी त्यांची बायको आणि बायकोच्या मांडीवर साडेनऊ महिन्यांचं गाठोडं. बाळाला रीतसर नाव होतं; पण जन्मल्या दिवशी ते ज्या प्रकारे गुंडाळून बापाच्या हातात देण्यात आलं, ते बघून बापानेच त्याला गाठोडं म्हटलं आणि तेच चिकटलं. दशांशराव हेही काही बापाचं खरं नाव नव्हे. तापमापक तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तयार झालेला प्रत्येक तापमापक प्रमाण तापमापकाशेजारी पाण्यात बुडवायचा आणि दोघांत एक दशांश अंशाचा फरक निघाला तरी बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. थोडक्यात, कुणावरही विश्वास न ठेवण्याचा त्यांना पगार मिळे. सहा वर्षं हे काम इमानेइतबारे केलेला माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? चहा जरा गरम आहे असं कुणी म्हटलं, तरी "जरा म्हणजे किती?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप निघे.

"आणि मांडीवरच्या गटात जागा?" बायकोने विचारलं.

"तो भरला. पार पुढल्या वर्षापर्यंत भरला. रांगत्यात एक जागा आहे, तीही एका बाळाच्या बाबांची बदली झाली म्हणून. तिच्यासाठी तुमच्याआधी तिघं विचारून गेलेत. पुढच्या शनिवारी दहा वाजता आणा ह्याला. मी स्वतः बघते. आणि हा फॉर्म घ्या, त्यावर आरोग्यकेंद्रातल्या नर्सची सही लागेल."

तो दिवस बुधवारचा. बायकोची रजा एक तारखेला संपत होती. ती एका मोठ्या रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे काम करायची. तिच्या जागी बदलीवर आलेल्या मुलीचं अक्षर सुरेख होतं आणि तिने कपाटातल्या औषधांचा क्रमही बदलून टाकला होता, अशी बातमी होती. "एक तारखेला तुम्ही आला नाहीत, तर मग..." असं साहेब फोनवर म्हणाले होते. साहेब जेव्हा वाक्य अर्धं सोडतात तेव्हा ते पुरं झालेलं असतं. घरी सासूबाई होत्या, म्हणजे बायकोची आई. पण दोन तारखेला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि मग विश्रांतीला मुलाकडे. तेव्हा पाळणाघर, तेही हेच आणि त्यातली तीच एक जागा, याला पर्याय नव्हता.

"काळजी कशाला करायची?" रस्त्यात बायको म्हणाली. "त्याला सगळं कळतं."

"सगळं म्हणजे किती?" दशांशरावांनी विचारलं.

पुढच्या दहा दिवसांत जे काही झालं ते या प्रश्नातून झालं.

घरी पोचल्या पोचल्या सासूबाईंनी प्रात्यक्षिकच करून दाखवलं. गाठोड्याला सतरंजीवर बसवून त्या म्हणाल्या, "दिवा कुठाय? सांग बरं बाबांना, दिवा कुठाय?" गाठोड्याने मान वर करून छताच्या दिव्याकडे बघितलं आणि बोळकं पसरून हसलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा जावईबापू! अजून काय पाहिजे?"

जावईबापूंनी मात्र दुसरंच काही बघितलं होतं. 'दिवा' म्हणताना सासूबाईंची हनुवटी वर गेली होती, बायकोची नजर वर गेली होती, आणि इतक्या लोकांना छताकडे बघताना पाहून पोलीस ठाण्यातला फौजदारसुद्धा छताकडे बघेल. ते गाठोड्यासमोर उकिडवे बसले, हनुवटी वर करून दिव्याकडे बघू लागले आणि म्हणाले, "बटाटा कुठाय?"

गाठोड्याने तितक्याच आनंदाने दिव्याकडे बघितलं.

सासूबाईंचा चेहरा असा झाला, की जणू जावयाने भर सभेत नातवाला खोटं पाडलं. "अहो, लहान आहे ते. बटाटा काय आणि दिवा काय, गोलच ना दोन्ही!"

"कळत असेलही," दशांशराव म्हणाले. "पण शब्द कळतो की हनुवटी, हे वेगळं काढायला हवं. बाईंना दाखवून नकोय, सांगून हवंय. शनिवारी हनुवटी कोण वर करणार?"

मुद्दा बिनतोड होता, हीच तर पंचाईत. चुकीच्या मुद्द्याचा माणूस निदान कधी तरी नाद सोडतो.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारावर कागद लागला. बाळाशी बोलताना हात पाठीमागे बांधावेत. नजर समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर ठेवावी. आवाज सपाट असावा, कारण लाडाचा सूर हा गळ्याने केलेला हातवाराच होय. शेजारी टेबलावर वही. वहीत रकाने पाडलेले: वेळ, शब्द, कोण म्हणालं, बाळाने काय केलं, धरावं की नाही.

सासूबाईंनी मनापासून प्रयत्न केला. पण हात बांधले की त्यांना शब्दच सुचेना. "जावईबापू, मला जमत नाही हो. हात नसले की बोलण्याला मीठच नसल्यासारखं वाटतं." हात कसेबसे आवरले तर मान हलायची. मान आवरली तर भुवया उडायच्या.

"भुवया आवरा, आई."

"त्या कुठे माझं ऐकतात? त्यांना तुम्हीच सांगा, सपाट आवाजात."

भुवयांचा प्रश्न सोडवायला दशांशराव जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून वेल्डिंगचे तीन काळे चष्मे घेऊन आले. त्याच दुपारी विजेचं मीटर बघायला माणूस आला. दार उघडंच होतं. आत काळे चष्मे लावलेली तीन मोठी माणसं, हात पाठीमागे बांधून, एकाच खिळ्याकडे तोंड करून, एकापाठोपाठ एक "बस... बस... बस..." म्हणत होती. तो अगोदर उंबऱ्यावरच बसला. मग भानावर येऊन उठला आणि मीटर न बघताच गेला. वहीत त्याची नोंद 'बाहेरचा एक इसम, वय सुमारे चाळीस, बसला' अशी आहे. पुढे 'धरू नये' असा शेरा आहे.

गाठोड्याचा आकडा मात्र शोचनीय होता. पहिल्या दिवशी चाळीस वेळा विचारलं, बरोबर शून्य. दुसऱ्या दिवशी चाळीस वेळा विचारलं, बरोबर एक. तो शब्द 'बस' होता आणि गाठोडं आधीपासूनच बसलेलं होतं. दशांशरावांनी तोही खोडला.

रविवारी तर भलतंच झालं. हाक मारली की एरवी मान वळवणारं पोर आता हाकेलाही वळेना. घरातली माणसं भिंतीशी बोलतात, आपल्याशी नव्हे, असा निष्कर्ष त्याने काढला होता आणि तो उपलब्ध पुराव्याला धरूनच होता.

"कळत होतं तेवढंही घालवलंस," बायको म्हणाली. ती रागावलेली नव्हती, आणि त्याचीच दशांशरावांना जास्त भीती वाटली.

जिन्याला कान असतात. सोमवारी संध्याकाळपर्यंत इमारतीला सगळं कळलं होतं. आधी तळमजल्यावरचे काका आले. काका वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं चौकात उभे राहिलेले.

"शब्द?" काका म्हणाले. "एकतीस वर्षांत मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर घसा बसला असता. अरे बाबा, माणसाला हात कळतो. ट्रकवाल्याला कळतो, तर तुझ्या पोराला नाही कळणार?"

"पण काका, त्यांना सांगून..."

काकांनी तळवा दाखवला. दशांशराव वाक्याच्या मधोमध थांबले. सतरंजीवरून जिन्याच्या दाराकडे निघालेलं गाठोडंही थांबलं.

"बघ!" काका म्हणाले.

त्या एका संध्याकाळी गाठोडं वाहतुकीचे सगळे नियम शिकलं. मंगळवारी सकाळी सासूबाई भरवायला बसल्या, तर त्याने चमच्यासमोर आपला इवलासा तळवा धरला. चमचा थांबला. मग त्याने डाव्या हाताने मांजराला जाऊ दिलं, उजवीकडून बादली घेऊन येणाऱ्या आईला रोखलं, इकडेतिकडे बघून खात्री केली आणि मग चमच्याला खूण केली. वाडगाभर खिमट संपायला पाऊण तास लागला. "शिस्त आहे पोराला," काका दारातून म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

हे वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या कानावर गेलं. मावशींनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेली. त्यांना हा शुद्ध अडाणीपणा वाटला. "हात कसले करता? हजारो माणसांशी बोलले मी. एकाला तरी माझा हात दिसला का? सगळ्यांना सगळं कळलं. नंबर लागला नाही तेही कळलं."

दशांशरावांना हे फारच शास्त्रशुद्ध वाटलं. चष्मा नको, खिळा नको. माणूसच दिसला नाही तर कसली हनुवटी नि कसल्या भुवया! मावशींना स्वयंपाकघराच्या दारावरच्या पडद्यामागे उभं केलं. पडद्याआडून एक्स्चेंजचा स्वच्छ, गोड, खणखणीत आवाज आला: "ये."

गाठोड्याने कान टवकारले. टकटक गुडघे आपटत पडद्याकडे गेलं, पडदा उचलला, आणि आत मावशी! मावशींनी त्याला उचलून घेतलं, दोघंही खिदळली. वीस वेळा केलं, वीसही वेळा बरोबर. दशांशरावांनी हिशेब दोनदा पडताळला. त्या वहीतलं हे पहिलं पूर्ण बरोबर पान. त्यांनी बायकोला कारखान्यातून फोन करून पुन्हा एकदा सांगितलं, "वीसपैकी वीस."

संध्याकाळी ते घरी आले, गाठोड्यासमोर हात पसरून बसले आणि प्रेमाने म्हणाले, "ये."

गाठोड्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि ते पडद्याकडे निघालं.

मग त्यांनी "दे" म्हणून बघितलं. पडदा. "थांब" म्हटलं. पडदा. "नको" म्हटलं तेव्हा तर ते जरा जास्तच वेगाने गेलं. एकूण, पाचही शब्दांचा अर्थ 'पडद्यामागे मावशी आहे' असा पक्का झाला होता.

यावरून काका आणि मावशी यांचं जिन्यात जुंपलं, ते वेगळंच. मावशी बोलत होत्या आणि काका हात करत होते. त्या दोघांना एका वेळी कुणी बघितलं असतं, तर लहान मुलालाही सगळं कळलं असतं.

गुरुवारी आरोग्यकेंद्र. दशांशरावांनी अर्धी रजा टाकली. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म उलटसुलट बघितला.

"बाळाचं वय?"

"नऊ पूर्णांक आठ दशांश महिने."

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "पूर्ण महिने सांगा. इथे चौकोन तीनच आहेत. सहा, नऊ, बारा."

"मग नऊ."

"जन्मतारीख? ...हां. नऊची तपासणी नऊ पुरे झाल्यावर पंधरा दिवसांत. तुमचे वर तेवीस झाले. आता एकदम बारा."

"पण बारा झालेलेच नाहीत."

"मग झाल्यावर या."

"आम्हाला शनिवारी हवंय."

"शनिवारी बारा होतायत का?"

"नाही."

"मग?"

नऊ आणि बारा यांच्या मधल्या काळात मूल अस्तित्वात असतं, हे दशांशरावांनी कारकुनाला तीन प्रकारे समजावून सांगितलं. एकदा आकृती काढून. मागच्या रांगेतल्या बायका मान डोलवत होत्या, पण त्यांच्या बाजूने की कारकुनाच्या, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी बायकोने त्यांना कोपराने बाजूला केलं आणि खिडकीत डोकं घालून विचारलं, "भाऊ, सिस्टर आत आहेत का?"

"आहेत की. जा ना."

नर्स केसांत पांढरी पट्टी असलेल्या, भरपूर मुलं बघितलेल्या बाई होत्या. त्यांनी गाठोड्याच्या मागे उभं राहून एका कानाशी खुळखुळा वाजवला, मग दुसऱ्या. दोन्ही वेळा मान वळली. "ऐकू छान येतंय," म्हणून त्यांनी खूण केली. मग गाठोड्याने नर्सची रक्तदाब बघायची नळी तोंडात घातलेली होती, तिच्याकडे हात पसरून नर्स म्हणाल्या, "दे बरं मला ती. दे." गाठोड्याने नळी त्यांच्या हातावर ठेवली.

"शाब्बास. कळतंय की." त्यांनी पेन उचललं, कागदाला टेकवलं.

"सिस्टर, एक मिनिट," दशांशराव म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. पण ते तेव्हा नर्सच्या हाताकडे बघत होते.

"तुम्ही हात पुढे केलात."

"मग?"

"मग त्याने ते हाताला दिलं की शब्दाला, हे ठरत नाही."

नर्सने पेन खाली ठेवलं. "हे बाळ तुमचंच ना?"

"हो."

"मग तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

या प्रश्नाला शास्त्रात चांगलं उत्तर आहे, पण ते आरोग्यकेंद्रात देण्यासारखं नाही. नर्स म्हणाल्या, "बरं, तुमच्या पद्धतीने विचारा तुम्ही." दशांशरावांनी हात पाठीमागे बांधले, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे नजर लावली आणि सपाट आवाजात म्हणाले, "दे."

गाठोड्याने तळवा दाखवून त्यांना थांबवलं.

फॉर्मवर 'ऐकू येते' यापुढे 'होय' असं लिहिलं गेलं. 'सांगितलेले कळते' यापुढे नर्सने लिहिलं: 'पालक साशंक. पाळणाघराने खात्री करावी.' खाली सही. सहीवर शिक्का, जरा जास्तच जोरात मारलेला.

परतीच्या वाटेवर बायकोने पहिला सिग्नल ओलांडला.

"सिस्टर लिहीत होत्या," मग ती म्हणाली. "पेन टेकलं होतं कागदाला."

"पण ते खरं नसतं झालं."

"काय खरं नसतं? त्याला कळत नाही, असं वाटतं तुला?"

"कळत नाही असं मी म्हणत नाही. कळतं असं ठरलेलं नाही, एवढंच."

"अरे, एक तारखेला त्या खिडकीमागे ती सुरेख अक्षराची मुलगी उभी असेल आणि मी घरात काळा चष्मा लावून भिंतीशी बोलत असेन. ठरलंय का हे तरी?"

दशांशराव म्हणाले, "तिथे अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. आपल्याकडे तू धावतेस, आई धावतात. तिथे कुणी तरी लांबून नुसतं 'थांब' म्हणणार. आणि त्याला हाताचीच सवय असली, तर?"

बायको थांबली. गाठोडं तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"हे तुला पहिल्या दिवशीच सांगता येत नव्हतं? रकाने कशाला पाडत बसलास?"

"रकाने पाडले की जरा बरं वाटतं."

"जरा म्हणजे किती?" बायको म्हणाली, आणि नाइलाजाने हसली.

घरी येऊन तिने दारावरचा कागद काढला. चष्मे पिशवीत घातले. शुक्रवारभर सासूबाईंनी आठवड्याचे तुंबलेले हातवारे एकदम मोकळे केले. त्यात एक कप फुटला. काका आणि मावशींना प्रत्येकी एक दिवस सुट्टी देण्यात आली. गाठोडं दिवसभर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात राहिलं, आपली माणसं कुठून तरी परगावाहून परत आल्यासारखं.

शनिवारी पावणेदहाला ते पाळणाघरात पोचले. बायकोने आधी दशांशरावांना अंगणाकडे नेलं. पायऱ्यांच्या तोंडाशी छातीएवढं लाकडी फाटक होतं, वरून कडी. पहिल्या भेटीत ते उघडून भिंतीला टेकवलेलं होतं. पायऱ्या मोजण्याच्या नादात त्यांनी त्याला भिंतच समजलं होतं. त्यांनी कडी चारदा लावून बघितली. मग त्यांचा चेहरा बऱ्यापैकी सैल झाला. पण जागेचा प्रश्न तसाच होता. बाहेर बाकावर दुसरं एक जोडपं मूल घेऊन बसलेलं होतं आणि ते मूल, दशांशरावांच्या अंदाजाने, हुशार दिसत होतं.

बाईंनी फॉर्म वाचला. "पालक साशंक? मूल साशंक ऐकलंय, हे काय?"

दशांशरावांनी वही काखेत दाबली.

बाई चटईवर बसल्या आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशांत घातले. चेहरा शांत ठेवला. दशांशरावांना त्यांच्याविषयी एकदम आदर वाटला. ते कोपऱ्यात वही उघडून बसले. 'बघायचं तर बघ, पण गप्प,' असं बायकोने त्यांना बजावलेलं होतं.

"ये," बाई म्हणाल्या.

गाठोड्याचा चेहरा उजळला. त्याने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात एक हिरवा पडदा होता. ते लगबगीने तिकडे गेलं, पडदा उचलला. मागे केरसुणी आणि एक बादली. त्याने दोघींकडे बराच वेळ बघितलं. मग झाल्या प्रकाराबद्दल काही न बोलता परत आलं.

"थांब."

गाठोड्याने बाईंना तळवा दाखवला. त्या थांबल्या.

"दे." त्याने हातातली लाकडी रिंग तोंडात घातली. "नको." ते हसलं. "बस." ते बसलेलंच होतं.

"हे शेवटचं धरायचं का?" बाईंनी विचारलं. बाई कडक होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या.

"धरता येणार नाही," कोपऱ्यातून आवाज आला.

बायकोने डोळे मिटले.

बाई उठल्या. "बघा, मलाही वाईट वाटतं. गोड आहे पोर. पण अकरा मुलांत मला ज्याला सांगितलेलं कळतं असंच मूल घ्यावं लागतं. आणि बाहेर ते लोक थांबलेत." त्यांनी फॉर्म परत केला.

बायकोने तो घेतला आणि घडी घालायला लागली. घडी नीट बसेना, म्हणून उलगडली, पुन्हा घातली. तिचं तोंड बाईंकडे होतं. गाठोडं आणि नवरा दोघंही तिच्या पाठीमागे. नवरा वहीत 'एकूण पाच, बरोबर शून्य' असं लिहून शून्याखाली पट्टीने रेघ मारत होता.

"असू दे, बाई. तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज फुटू नये म्हणून तो तिने अगदी सपाट ठेवला होता. मग त्याच आवाजात, मागे न बघता, "पिशवी दे रे."

पिशवी दशांशरावांच्या गुडघ्यापाशी होती. ते दुसरी रेघ मारत होते. एक रेघ जरा तिरकी आली होती.

खोलीत काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. गाठोड्याने एका मुठीत पिशवीचा बंद धरला होता आणि उरलेल्या तीन अवयवांवर ते चटई ओलांडत होतं. मध्ये दुधाची बाटली बाहेर पडली, तिच्याकडे त्याने एकदा बघितलं आणि ती सोडून दिली. आईच्या पायाशी येऊन त्याने बंद तिच्या पावलावर ठेवला आणि वर बघितलं.

बायकोने खाली बघितलं. बाईंनी खाली बघितलं.

"आत्ता तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी हळूच विचारलं.

"पिशवी दे, म्हटलं."

"ह्याला?"

"नाही हो. त्याला." बायकोने पाठीमागे अंगठा केला.

बाईंनी कोपऱ्यात बघितलं. तिथे पट्टी काळजीपूर्वक सरळ होत होती. मग त्यांनी गाठोड्याकडे बघितलं. मग हात पुढे करून बायकोच्या बोटांतला फॉर्म काढून घेतला, त्याची चुकलेली घडी उलगडली आणि 'पालक साशंक'वर काट मारली.

"दोघांपैकी एकाला कळतं, तेवढं मला पुरे," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "एक तारखेला साडेआठला आणा. दुसऱ्याला मात्र मी घेऊ शकत नाही. सांगितलं ना, मांडीवरचा गट भरलाय."

दशांशरावांनी मान वर केली. काय घडलं ते त्यांना क्षणभराने उमगलं आणि उमगल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. बोलणाऱ्या व्यक्तीची पाठ. हात कामात. नजर दुसरीकडे. आवाज सपाट. हनुवटी नाही, भुवई नाही, पडदा नाही. इतकंच काय, बोलणं बाळाला उद्देशूनही नव्हतं. दहा दिवसांत त्यांना एकदाही साधता आला नव्हता असा निर्मळ प्रयोग त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याविना पार पडला होता.

फक्त तो एकदाच झाला होता. आणि पाचांपैकी एकाच शब्दाचा. आणि पिशवीचा बंद पोराला एरवीही आवडतो. एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही ठरवता येत नाही, हे कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. निदान आणखी दोन वेळा बघायला हवं. दशांशरावांनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

बायकोने वळून बघितलं.

ती काही बोलली नाही. हात हलवला नाही. भुवईसुद्धा उचलली नाही. आठ फुटांवरून तिने फक्त त्यांच्याकडे बघितलं.

दशांशरावांनी तोंड मिटलं, वही मिटली, आणि उठून दुधाची बाटली उचलायला गेले.